रिकामं मनगट

सर,

गेल्या आठवड्यात आपल्या कॉलेजात पुन्हा बांगड्या आल्या. निकाल अडकले होते, म्हणून मोर्चा होता. पुढे एक मुलगी ताट घेऊन चालत होती, ताटात हिरव्या बांगड्या, आणि मागून पोरं ओरडत होती, "प्राचार्य जी, चूड़ी पहनो!" प्राचार्यांनी ताट हातात घेतलं, हसले, फोटो निघाला, मग सगळे पांगले. हे आता इतकं सवयीचं झालं आहे की ज्याचा अपमान व्हायचा असतो तोही फोटोसाठी नीट उभा राहतो. ती मुलगी माझ्याच वर्गातली. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, ताट तुझ्याच हातात का दिलं?

"मुलीनं दिलं की जास्त लागतं, सर."

"काय लागतं?"

"इन्सल्ट." ती हसली. "तुम्ही सीरियस नका घेऊ ना. सिम्बॉलिक राहतं ते."

"आणि तुझ्या हातातल्या?"

तिनं स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, जणू तिथं काही आहे हे तिला आत्ताच कळत होतं. "या तर फॅशनच्या आहेत," ती म्हणाली.

तुम्ही असता तर पुढचा प्रश्न विचारला असता. मी विचारला नाही. तास संपत आला होता. पण त्या मोर्चाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, शाहपूरपर्यंत गेला, आणि तो पाहून परवा एक माणूस मला भेटायला आला. त्याच्याबद्दल लिहायचं आहे म्हणून बसलो. तिथवर यायला वेळ लागेल.

एकदा चाचणीच्या पेपरात मी फॅसिझम हा शब्द एका पानात बऱ्याच वेळा वापरला होता. शहरात तेव्हा तो नवा होता आणि मला तो लिहिताना आपण मोठे झाल्यासारखं वाटायचं. तुम्ही प्रत्येक ठिकाणी लाल रेघ मारली आणि वर्गात सगळ्यांसमोर म्हणालात, "हा शब्द लिहिला की तुझा विचार तिथेच बसकण मारतो. काय झालं ते लिही. कोण कुठे उभं होतं, कोणाच्या हातात काय होतं, ते लिही." मला राग आला होता. आता मी माझ्या विद्यार्थ्यांना तेच सांगतो आणि त्यांनाही राग येतो.

तर कोण कुठे उभं होतं.

बुधवाऱ्यातल्या तुमच्या घरात स्वयंपाकघर सगळ्यात मोठं होतं. गल्लीत दिवसभर कापडाचे यंत्रमाग खडखडत, त्यामुळे तुमच्याकडे सगळेच थोडं मोठ्यानं बोलायचे, आणि माग बंद झाले की एकदम सगळे दचकून हळू बोलायला लागायचे. रविवारी, हिंदीच्या या मुलखात मराठी शिकणारे आम्ही मोजके विद्यार्थी तिथे जमायचो. गॅसपाशी काका असत. आम्ही त्यांना केळीवाले काका म्हणायचो. शाहपूरकडच्या केळीच्या बागायतदाराचा धाकटा मुलगा, शहरात माल पाठवायचं काम बघायला आला, तुमच्याकडे भाड्यानं खोली घेतली आणि राहिला. किती वर्षं राहिला हे गल्लीत कोणी मोजत नव्हतं. दोघं भावासारखे राहतात, असं बायका म्हणायच्या, आणि म्हणताना थोडं थांबायच्या. काका भरीत फार चांगलं करायचे. केळ्याचं काही करा म्हटलं की म्हणायचे, "केळं दिसलं की मला बाप दिसतो. वांगं आणा." तुम्ही फक्त मिरच्या निवडायचात आणि त्याही त्यांना पसंत नसायच्या. "मास्तर, देठं कोण काढणार, तुमचे पोरं?" तुम्ही मुकाट्यानं देठं काढायचात. वर्गात ज्यांच्यासमोर आमची बोलती बंद व्हायची ते तुम्ही हेच, हे आम्हाला फार गमतीचं वाटायचं. दुसरं काही आम्हाला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं होतं, आणि ते इतकं साधं होतं की त्याच्याबद्दल बोलायचं काय, असं वाटायचं. एका माणसाला पाणी हवं आहे हे दुसऱ्याला न सांगता कळत होतं, एवढंच होतं.

त्या वर्षी निवडणूक होती. शनवारा पेठेजवळच्या मैदानात सभा झाली आणि तुम्ही आम्हाला घरचा अभ्यास दिला. सभेला जा, एक भाषण शब्द न शब्द उतरवून आणा, टाळ्या सोडून. मी उभ्यानं उतरवलं. माझ्या पुढची माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली होती, घामानं भिजलेली, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. दुसऱ्या रविवारी मी ते सांगितलं तेव्हा तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणालात, "इतके पुरुष एकमेकांच्या गळ्यात हात टाकून नाचतात, आणि जगात त्यांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, तर एका पुरुषानं दुसऱ्याच्या गळ्यात टाकलेल्या हाताची." काका तव्याकडे बघत म्हणाले, "हळू. माग बंद झाले."

वर्गात तुम्ही माझी वही घेतलीत आणि भाषण वाचलंत. तुमची ती पद्धत होती. कोणतंही भाषण असो, थोर माणसाचं किंवा कालच्या सभेतलं, तुम्ही ते सपाट आवाजात वाचायचात, रेशनच्या दुकानाबाहेरची पाटी वाचावी तसं. आवाज वर नाही, खाली नाही, जिथे वक्ता थांबला तिथे थांबायचं नाही. असं वाचल्यावर जे उरतं ते त्या माणसाचं म्हणणं, असं तुम्ही म्हणायचात. तुम्ही वाचलंत, "हमारी बहन-बेटियों की तरफ आँख उठेगी तो आँख निकाल लेंगे और जो मर्द आज भी घर में बैठे हैं वो चूड़ियाँ पहन लें." वर्ग हसायला लागला. मैदानात याच वाक्याला माझ्या अंगावर काटा आला होता.

मागच्या बाकावरचा एक जण उठला. "सर, पण यात चूक काय आहे? बायांच्या इज्जतीचंच तर बोलून राहिले."

"चूक काढायला नाही सांगत. यात बायका कुठे आहेत ते दाखव."

"बहन-बेटी आहेत ना."

"त्या काही बोलतायत का?"

"त्या काहून बोलतील? भाषण त्यांचं थोडी आहे."

"बरं. आता बांगड्या बघ. बांगड्या घातलेलं माणूस या वाक्यात कसं आहे?"

"डरपोक."

"म्हणजे तुझी आई?"

तो खाली बसला. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "याच्या आईला विचारा. शनवाऱ्यात तिच्या बांगड्यांच्या दुकानात रोज किती भित्री माणसं येतात ते." पुन्हा हशा झाला, माझ्याही चेहऱ्यावर हसू होतं. मग तुम्ही फळ्याकडे वळून, आमच्याकडे पाठ करून, एक वाक्य बोललात. मत देताना माणूस पुठ्ठ्याच्या आडोशाला एकटा असतो, आणि हे भाषण त्याला तिथे एकटं राहू देत नाही, त्याच्या मनगटाला हात लावून बघतं. हे वाक्य बाहेर गेलं नाही. बाहेर एवढंच गेलं की मराठीच्या सरांनी वर्गात सभेतल्या साहेबांची नक्कल केली आणि बांगड्यांची बाजू घेतली.

कोणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही. वर्ग लहान होता, सांगणारा ओळखीचाच असणार.

तीन-चार दिवसांनी सकाळी आमच्या दुकानात दोन पोरं आली. मी कॉलेजला निघत होतो, सायकल बाहेर काढत होतो. "आंटी, हरी चूड़ी, सबसे बड़ी साइज़, दो दर्जन." आईनं विचारलं, हात कुठाय? ती हात बघितल्याशिवाय बांगडी द्यायला राजी नसायची. पोरं हसली. "हाथ बाद में आएगा, आंटी. एक सर की शादी है." आईला वाटलं, सरांच्या बायकोचा हात. लग्नाच्या हिरव्या बांगड्या. आमच्याकडे लग्नाच्या डझनावर दोन शुभाच्या म्हणून जास्त घालतात, त्या तिनं घातल्या, कागदात बांधलं आणि म्हणाली, "नवरीला म्हणावं, सुखी राहा." पोरांनी तिच्या पायाला हात लावला. हसू आवरायला खाली वाकली असतील. मी ते ऐकलं आणि सायकलवर बसलो. मलाही लग्नच वाटलं.

दुपारी ते आले. दोन ट्रक होते, केळीचेच, माणसांनी भरलेले. एक शाहपूरकडून आला होता. काकांच्या थोरल्या भावानं आणला होता, वाटेत बुधवाऱ्यातून काकांना उचललं होतं, आणि ते त्याच्या शेजारी बसले होते. आम्हाला वरच्या मजल्यावर वर्गात कोंडून बाहेरून कडी लावली होती. खिडकीला गज होते, तिथून आवार पूर्ण दिसायचं. तुम्ही स्टाफरूमच्या पायऱ्यांवर उभे होता. पळाला नाहीत, पुढेही आला नाहीत. घोषणा चालल्या होत्या. एकानं बांगड्यांचा कागद सोडला. तुमचा उजवा हात दोघांनी ओढला, तुम्ही मूठ आवळली. मूठ आवळली की बांगडी जात नाही, पहिल्या दोन तिथेच फुटल्या. मग थोरला भाऊ मोठ्यानं म्हणाला, ते आम्हाला वरपर्यंत ऐकू आलं, "ए, तू धर ना हात. तुझं तर ऐकतात मास्तर." लोक असे हसले, सर, की मला पहिल्यांदा कळलं, सगळ्या शहराला माहीत होतं. बायका जिथे थांबायच्या तिथे पुढे काय असतं, ते सगळं या हसण्यात होतं.

काका पुढे आले. त्यांनी वर बघितलं नाही. त्यांनी तुमचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि तुम्ही मूठ सोडली.

मी ते पाहिलं. मूठ आपोआप सुटली, पाणी हवं असताना समोर भांडं यावं तशी. काकांनी तुमचा अंगठा तळव्यात दाबून धरला आणि दुसऱ्या एका पोरानं बांगड्या चढवल्या, बसतील तेवढ्या. एकही फुटली नाही. मग सगळे नाचले, काकांना कोणीतरी उचलून खांद्यावर घेतलं आणि ट्रक निघून गेले. शिपायानं येऊन आमची कडी काढली. तुम्ही अजून पायऱ्यांवरच होता. प्राचार्य म्हणाले, "फोडा हो त्या, फोडून टाका, काही आणा रे." शिपाई दगड घेऊन आला. तुम्ही म्हणालात, "फोडायच्या नाहीत."

संध्याकाळी तुम्ही आमच्या दुकानात आलात, लांब बाहीचा सदरा घालून. मी आईला आधीच सगळं सांगितलं होतं. तिनं दुपारपासून एकाही गिऱ्हाइकाकडे नीट बघितलं नव्हतं. तुम्ही समोर बसलात, बाही वर केलीत आणि म्हणालात, "बाई, या काढून द्या. फोडू नका." आमच्या घरात बांगडी फोडली असं तोंडानंही म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. फोडतात ती एकाच वेळी, माणूस गेल्यावर. हे तिला माहीत होतं आणि तुम्हालाही माहीत होतं. तिनं साबणाचं पाणी केलं.

एकेक बांगडी काढताना ती बोलत होती, थांबतच नव्हती. "माझ्या हातानं बांधून दिल्या हो. वर दोन जास्त घातल्या. मला काय माहीत? शादी आहे म्हणे. मुडदे. पायाला हात लावून गेले, सर, माझ्या पायाला." तिचे डोळे वाहत होते, ती तुमच्याकडे बघत नव्हती, आणि हात त्यांचं काम करत होते. शेवटची निघाली. तिनं फडक्यानं तुमचं मनगट पुसलं, मागे हात नेला, दोऱ्यातून दोन नव्या बांगड्या सोडवल्या आणि तुमचा अंगठा दाबून त्या हातात सरकवल्या. मग त्या बांगड्यांना बोटं लावून ती बोटं स्वतःच्या कपाळाला लावली. जन्मभर तिनं समोरचं मनगट रिकामं ठेवून कोणाला उठू दिलं नव्हतं. जुन्या काढल्या की नव्या भरायच्या, मध्ये विचार करायची जागाच नसते.

तिच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. मग तिनं तोंडावर हात ठेवला. "अगंबाई. सर. हात चुकला हो. सवय. आणा इकडे, काढते, आणा."

तुम्ही हात मागे घेतलात. त्या दोन बांगड्यांकडे बघत राहिलात. मला वाटलं, तुम्ही आता रागवाल, किंवा रडाल. तुम्ही म्हणालात, "बसल्यात नीट. राहू द्या." मग बाही खाली ओढलीत आणि चपला शोधायला लागलात. चपला समोरच होत्या.

तुम्ही घरी गेलात तेव्हा काकांची खोली रिकामी होती, हे मला दुसऱ्या दिवशी गल्लीत कळलं. ट्रक परत जाताना बुधवाऱ्यात थांबला होता. भावानं त्यांची ट्रंक उचलून ट्रकमध्ये ठेवली. हे शेजारच्या बाईंनी पाहिलं. तवा गॅसवर तसाच होता, काकांनी जाताना गॅस बंद आहे का ते मात्र बघितलं. त्याच उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिल्या तासाला आलात. फळ्यावर लिहिताना बाही घसरली. काच फळ्यावर आपटायची, प्रत्येक ओळीला. खडूची भुकटी हिरव्यावर बसत होती. मागच्या बाकावरचा तो मुलगा फिसकन हसला आणि मग त्याचं त्यालाच ते हसू कुठे ठेवावं कळेना. तुम्ही वळला नाहीत. आठवडाभर हे चाललं. मग एक दिवस आवाज आला नाही. बांगड्या फुटल्या, काढल्या, की कुठे ठेवल्या, हे मी कधी विचारलं नाही.

हे सगळं मी आता वर्गात सांगत नाही. भाषणं मात्र वाचतो, तुमच्या पद्धतीनं. ती पद्धत चालत नाही, सर. भाषण ऐकायला मैदानात जावं लागत नाही, ते खिशात येतं, स्वयंपाकघरात येतं, आई पोळ्या लाटताना आणि पोरगं जेवताना वाजतं. नामर्द, नपुंसक हे शब्द छापून येतात आणि त्यांच्या शेजारी साखरेची जाहिरात असते. मी सपाट आवाजात वाचतो तेव्हा मुलं म्हणतात, "असं नाही सर, मागे म्युझिक आहे त्याला," आणि चाल गुणगुणून दाखवतात. माझा आवाज त्यांना ऐकू येत नाही, त्यांच्या डोक्यात मूळचा चालू असतो. त्यातला एक मुलगा गुणगुणत नाही. तो बाकावर बोटानं काहीतरी गिरवत बसतो आणि वर्ग हसला की अर्ध्या क्षणानं हसतो. त्याच्याशी काय बोलावं, हे तुम्हाला विचारायचं होतं. ते तुम्ही मला शिकवलं नाहीत.

तुमच्या शेवटच्या आजारात मी रोज यायचो. तुम्ही परीक्षांबद्दल बोलायचात, विभाग बंद होणार का ते विचारायचात. एकदा धीर करून मी काकांचं नाव घेतलं. म्हटलं, शाहपूरला निरोप पाठवू का? तुम्ही म्हणालात, "पंखा कमी कर." मी पंखा कमी केला. मग तुम्ही विचारलंत, यंदा किती विद्यार्थी आले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही आणि तुम्ही काढला नाहीत, शेवटपर्यंत.

परवा दुपारी स्टाफरूमच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. पांढरं धोतर, टोपी, पायाशी केळ्यांची पिशवी. मी ओळखलं नाही. तो उठून उभा राहिला. "मी केळीवाला," म्हणाला. "मास्तरांकडे राहायचो." बसा म्हटलं तरी बसेनात. नातवाच्या मोबाईलवर व्हिडिओ दिसला, म्हणाले. तेच आवार, त्याच पायऱ्या. नातू हसून राहिला होता. "मी म्हटलं बंद कर, तर म्हणे आजोबा, कॉमेडी आहे." रात्रभर झोप आली नाही आणि सकाळी बस धरली. मी त्यांना बाहेर कडुनिंबाच्या पारावर नेऊन बसवलं. त्यांचे हात अजून तसेच मोठे आहेत.

"नंतर एकदाच भेट झाली," ते म्हणाले. "आमच्याकडच्या शाळेत मतदान होतं. आत गेलो तर टेबलाशी मास्तर. यादीतलं नाव मोठ्यानं वाचायचं काम त्यांच्याकडे होतं. माझी चिठ्ठी घेतली. माझं नाव वाचलं, बापाच्या नावासकट. असं वाचलं..." त्यांनी हात सपाट केला, जमिनीवरून फिरवावा तसा. "काहीच नव्हतं त्यात. मला वाटलं, आता वर बघतील."

"मग?"

"मग काय. शाई लावली दुसऱ्यानं. मी आडोशाला गेलो. शिक्का हातात घेऊन किती वेळ उभा होतो, बाहेरून ओरडले, चला बाबा लवकर. बाहेर आलो तर मास्तर पुढच्याचं नाव वाचून राहिले होते. तसंच."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुम्ही होते ना त्यांच्याजवळ, शेवटी? लोक सांगतात. काही म्हणाले होते का? माझं?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता मला पुढे जावंच लागणार होतं. "तुमची आठवण काढली होती," मी म्हणालो. "म्हणाले, भेटला तर सांग. राग नाही."

"राग नाही म्हणाले?"

"हो."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. या वेळी आवाज जरा खाली घेतला. "भेटला तर सांग," एवढं बोलून थांबलो, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, किती थांबायचं ते त्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग उरलेले दोन शब्द बोललो. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवत राहिले. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरताना मला दिसलं. पिशवी माझ्या हातात देऊन, आता जातो, बस चुकेल, असं म्हणून ते फाटकाकडे गेले, आले होते त्यापेक्षा सरळ.

तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. ते न बोलणं तुमचं होतं, इतकी वर्षं तुम्ही ते राखलं होतं, आणि मी ते एका दुपारी देऊन टाकलं. दया आली म्हणून बोललो, असं इथे लिहिणार होतो. हे पत्र कोणाच्या हाती पडायचं नाही, तेव्हा खरं ते लिहितो. पहिल्यांदा दयेनं बोललो असेन. दुसऱ्यांदा, तो चेहरा माझ्या शब्दानं बदलताना बघत होतो, तेव्हा मला फार बरं वाटलं.